जुळणीआधीची जुळणी : बहुसंस्थात्मक उत्पादनाचे सदृशीकरण आणि बोइंग ७८७

प्रास्ताविक

कोणत्याही कारखान्यात एखादी वस्तू प्रत्यक्ष तयार करण्यापूर्वी ती कशी तयार होईल याचा अंदाज बांधला जातो. पूर्वी हे काम अनुभवी फोरमनच्या डोक्यात होत असे. पुढे ते आराखड्यांच्या कागदावर उतरले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाकडे गेले. उत्पादनप्रक्रियेची गणिती प्रतिकृती तयार करून त्या प्रतिकृतीत काळ पुढे सरकवून पाहणे म्हणजे सदृशीकरण. व्यवहारात त्यालाच सिम्युलेशन म्हणतात. एकाच छपराखाली चालणाऱ्या कारखान्याचे सदृशीकरण तुलनेने सरळ असते. यंत्रांची गती, कामगारांची संख्या, मालाचा साठा, बिघाडाचे प्रमाण ही सर्व माहिती तेथे एकाच व्यवस्थापनाच्या हाती असते. परंतु वस्तूचे भाग निरनिराळ्या देशांतील पन्नास स्वतंत्र कंपन्या बनवू लागल्या, की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. प्रत्येक कंपनीची माहिती तिच्या मालकीची असते आणि ती कोणाला, किती व केव्हा द्यायची याचा निर्णय तीच घेते.

बोइंग कंपनीच्या ७८७ या प्रवासी विमानाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय आहे. डिसेंबर २००६ मध्ये बोइंगने या विमानाचे आभासी अनावरण केले. फ्रान्सच्या दासो सिस्तेम या कंपनीच्या आज्ञावलींच्या साह्याने विमानाचे भाग आणि त्यांच्या जुळणीची संपूर्ण प्रक्रिया संगणकाच्या पडद्यावर साकार झाली होती. त्यानंतर सात महिन्यांनी, ८ जुलै २००७ रोजी, एव्हरेट येथील कारखान्याबाहेर प्रत्यक्ष विमान आणण्यात आले, तेव्हा ते जवळजवळ पोकळ कवच होते. अनेक ठिकाणी ते तात्पुरत्या खिळ्याबोल्टांनी जोडलेले होते आणि त्याच्या अंतर्गत प्रणालींचे पुष्कळसे काम व्हायचे होते. पहिले उड्डाण व्हायला १५ डिसेंबर २००९ उजाडले. पडद्यावर यशस्वी ठरलेली जुळणी कारखान्यात का फसली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना सदृशीकरणाच्या अर्धशतकाच्या इतिहासात मागे जावे लागते.

विलंबाचे गणित

या इतिहासाचा आरंभ जे फॉरेस्टर यांच्यापासून करणे सयुक्तिक ठरेल. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत ‘व्हर्लविंड’ संगणकाची उभारणी आणि चुंबकीय स्मृतीचा विकास यांत महत्त्वाची कामगिरी बजावलेले हे अभियंते १९५६ मध्ये त्याच संस्थेच्या व्यवस्थापन विद्यालयात आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे एक कोडे मांडले. केंटकी राज्यातील त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्यांत काम चाले, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी पाठवावे लागे. बाजारातील तेजी-मंदीकडे बोट दाखवणे सोपे होते. पण फॉरेस्टर यांचे त्याने समाधान झाले नाही. कारखान्यातील नोकरभरती आणि साठ्याविषयीचे निर्णय कसे घेतले जातात याची माहिती घेऊन त्यांनी कागद-पेन्सिलीने आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. मागणी स्थिर धरली तरी निर्णयांच्या पद्धतीमुळेच रोजगारात चढउतार निर्माण होतात, असे त्या हिशेबातून दिसले. बहुसंस्थात्मक सदृशीकरणाची पहिली आवृत्ती संगणकाशिवाय, वहीच्या पानावर चालली, ही गोष्ट आजच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९५८ मधील त्यांचा ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील लेख आणि १९६१ मधील ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ यांत हे प्रतिमान विस्ताराने आले. किरकोळ विक्रेता, वितरक आणि कारखाना अशी साखळी त्यांनी घेतली. टोकाच्या ग्राहकांची मागणी दहा टक्क्यांनी वाढली, तर कारखान्याचे उत्पादन सुरुवातीस सुमारे त्याच्या चौपट प्रमाणात उसळते आणि मग खाली कोसळते. साखळीतील कोणीही मूर्ख किंवा अप्रामाणिक नसतो. प्रत्येक जण आपल्यासमोरच्या ऑर्डरी आणि आपला साठा पाहून शहाणपणाने निर्णय घेतो. दोष असतो तो ऑर्डर पोहोचण्यास, माल बनण्यास आणि माल येण्यास लागणाऱ्या कालावधीत, आणि त्या कालावधीबद्दलच्या अज्ञानात.

याच विचारातून एमआयटीत ‘बिअर गेम’ हा खेळ रूढ झाला. चार खेळाडू किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखानदार होतात. त्यांनी परस्परांशी बोलायचे नसते, फक्त ऑर्डरीच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या असतात. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये या खेळातील निर्णयांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मागवलेला परंतु अद्याप हाती न आलेला माल खेळाडू जवळजवळ विसरूनच जातात आणि पुन्हापुन्हा मागवत राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९७ मध्ये हाउ ली, पद्मनाभन आणि वँग यांनी याच परिणामाची मीमांसा केली. आज तो चाबकाच्या फटक्याच्या उपमेने ओळखला जातो. मागणीचे चुकीचे अंदाज, ऑर्डरी साठवून एकदम देण्याची सवय, किमतींतील सवलती आणि तुटवड्याच्या भीतीने फुगवून दिलेल्या ऑर्डरी ही त्यांनी दिलेली चार कारणे होत. यांतील शेवटचे कारण विशेष बोलके आहे. टंचाईत माल वाटून मिळणार असे दिसले, की ग्राहक गरजेपेक्षा जास्त मागतो. येथे ऑर्डर ही मागणीची नोंद राहत नाही, ती एक चाल होते.

स्टरमन यांनी पुढे डेव्हिड फोर्ड यांच्यासह २००३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. एकाच वेळी अनेक चमू एखाद्या उत्पादनाच्या विकासावर काम करतात, तेव्हा आपल्या भागातील चूक किंवा दिरंगाई माहीत असूनही प्रत्येक चमू ती लपवतो. दुसऱ्या कोणाची दिरंगाई आधी उघडी पडेल आणि आपल्याला वेळ मिळेल, अशी त्याची आशा असते. ही लपवाछपवी त्यांनी प्रतिमानात घातली आणि तिच्यामुळे प्रकल्पाचा कालावधी कसा वाढतो हे दाखवले. आभासी अनावरणाच्या तीन वर्षे आधी हे संशोधन छापील स्वरूपात उपलब्ध होते.

आकाराचे गणित

सदृशीकरणाचा दुसरा प्रवाह अभियांत्रिकी आरेखनातून आला. त्याचा विषय वस्तूचा आकार होता. माणसांच्या निर्णयांशी त्याला कर्तव्य नव्हते. बोइंगचेच ७७७ हे विमान या प्रवाहातील महत्त्वाचा टप्पा होय. १९९० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात दासोची ‘कॅटिया’ ही आज्ञावली वापरून विमानाचे भाग त्रिमितीत रेखाटले गेले आणि ते एकमेकांत बसतात की परस्परांवर आदळतात हे संगणकावरच तपासले गेले. लाकूड-धातूची पूर्णाकृती प्रतिकृती उभारण्याची जुनी प्रथा जवळपास मोडीत निघाली. आरेखन करणारे आणि प्रत्यक्ष बनवणारे यांचे २३८ संयुक्त गट स्थापन करण्यात आले. जपानी कंपन्यांचा या विमानात मोठा वाटा होता, पण आरेखनाची सूत्रे बोइंगच्या हाती होती. १२ जून १९९४ रोजी ७७७ ने पहिले उड्डाण केले आणि ते जुळवताना भाग अपेक्षेपेक्षा किती चांगले बसले याची चर्चा उद्योगजगतात बराच काळ चालली.

या यशाचा अर्थ मात्र अपुरा लावला गेला, असे म्हणण्यास जागा आहे. संगणकातील त्रिमिती आकृतींकडे सर्वांचे लक्ष गेले. त्या आकृती तयार करणारे अभियंते आणि कारागीर एकाच ठिकाणी बसत होते, बहुतांश एकाच पगारपत्रकावर होते आणि चूक आढळताच तास-दोन तासांत एकमेकांना गाठू शकत होते, ही बाजू दुय्यम मानली गेली.

गुप्तता राखून सहकार्य

स्वतंत्र संस्थांची प्रतिमाने एकत्र चालवायची, पण कोणाचेही अंतरंग उघड करायचे नाही, या अडचणीवर संगणकशास्त्राने तांत्रिक उत्तर शोधले होते. निरनिराळ्या संगणकांवरील प्रतिमानांची घड्याळे वेगवेगळ्या गतीने पुढे जातात, तेव्हा घटनांचा क्रम कसा राखायचा हा मूळ प्रश्न होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर उपाय सुचवणाऱ्यांत रँडल ब्रायंट यांच्याबरोबर के. मणी चंडी आणि जयदेव मिश्रा हे दोघे होते. चंडी मद्रासच्या आणि मिश्रा कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर; दोघेही त्या वेळी टेक्सास विद्यापीठात होते. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक घटक आपल्या शेजाऱ्याला एक हमी देतो : ‘अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून कोणताही संदेश येणार नाही.’ या हमीच्या भरवशावर शेजारी आपले घड्याळ निर्धास्तपणे पुढे नेतो. हमी जितकी दूरची, तितके सदृशीकरण वेगवान. पुरवठादाराने दिलेल्या वायद्याशी या कल्पनेचे साम्य आहे. फरक इतकाच, की आज्ञावलीतील घटक हमी मोडत नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० च्या दशकात रणगाड्यांची प्रशिक्षणयंत्रे जाळ्याने जोडली होती. त्या अनुभवातून १९९६ मध्ये उच्चस्तरीय रचनेचे एक मानक तयार झाले आणि २००० मध्ये आयईईई या संस्थेने ते १५१६ या क्रमांकाने स्वीकारले. यात प्रत्येक प्रतिमान संघराज्यातील राज्यासारखे असते : आतला कारभार स्वतःचा, देवाणघेवाण ठरलेल्या नियमांनी. अनेक कंपन्यांच्या पुरवठा साखळीला ही रचना चपखल बसावी, असे संशोधकांना वाटले आणि त्या दिशेने पुष्कळ प्रबंध लिहिले गेले. उद्योगांनी मात्र तिचा स्वीकार मर्यादित प्रमाणातच केला. लष्कराला आपल्या शाखांवर मानक लादता येते. ग्राहक कंपनीला पुरवठादाराकडून सुटे भाग मागता येतात, पण त्याच्या कारखान्याचे खरे चित्र मागणे तितके सोपे नसते. कारण त्याच पुरवठादाराशी पुढच्या वर्षी किमतीची घासाघीस करायची असते.

७८७ : करार आणि प्रतिमान

७८७ ची घोषणा एप्रिल २००४ मध्ये जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजच्या पन्नास विमानांच्या मागणीने झाली. कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचे धड आणि पंख हे त्याचे तांत्रिक नावीन्य होते. उत्पादनाची रचनाही तितकीच नवी होती. बोइंगने सुमारे पन्नास प्रमुख भागीदारांना विमानाचे मोठमोठे विभाग केवळ बनवण्यासाठी नव्हे, तर तपशीलवार आरेखनासह सोपवले. पंख जपानच्या मित्सुबिशीकडे, मधली पेटी फुजीकडे, धडाचे भाग कावासाकी, इटलीतील अलेनिया आणि अमेरिकेतील व्हॉट यांच्याकडे, नाकाचा भाग विचिटा येथील स्पिरिटकडे. बदल करून फुगवलेल्या चार ७४७ विमानांतून हे तयार विभाग एव्हरेटला यायचे आणि तेथे अवघ्या तीन दिवसांत अंतिम जुळणी व्हायची, अशी योजना होती. दुय्यम पुरवठादारांची निवड व देखरेख प्रमुख भागीदारांनीच करावयाची होती.

करारातील आर्थिक अट निर्णायक ठरली. भागीदारांनी विकासाचा खर्च स्वतः उचलायचा आणि विमान ग्राहकाच्या हाती पडल्यानंतर त्यांना मोबदला मिळायचा, अशी जोखीम वाटून घेण्याची व्यवस्था होती. ख्रिस्तोफर तांग आणि जोशुआ झिमरमन यांनी २००९ मध्ये या प्रकरणाची चिकित्सा करताना दाखवून दिले, की या अटीमुळे कोणालाही आपला भाग लवकर संपवण्यात लाभ उरला नाही. सर्वांत मागे राहणाऱ्याच्या गतीने सर्वांना पैसे मिळणार असतील, तर पुढे धावायचे कशासाठी ?

त्याच अभ्यासातील दुसरे निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या गाभ्याला भिडते. भागीदारांच्या कामाची प्रगती दिसावी म्हणून बोइंगने ‘एक्सोस्टार’ या संयुक्त कंपनीची संगणकीय व्यवस्था वापरली. व्यवस्था चालू होती, पण तिच्यात काही भागीदार अचूक व वेळेवर माहिती भरत नव्हते. विविध देशांच्या कार्यसंस्कृतींतील अंतर आणि परस्परांवरील अविश्वास ही त्याची कारणे सांगितली गेली. परिणामी अडचण निर्माण झाल्याचे बोइंगला आणि प्रमुख भागीदारांनाही उशिरा कळे. फोर्ड आणि स्टरमन यांचे प्रतिमान जणू एव्हरेटमध्ये जिवंत झाले होते.

डिसेंबर २००६ च्या आभासी अनावरणात काय दाखवले गेले होते, हे आता नेमकेपणाने पाहता येते. भागांचा आकार, ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हत्यारांनी बसवायचे, कामगाराचा हात तेथे पोहोचेल काय, या सर्वांचे सदृशीकरण उत्तम होते आणि त्याचा उपयोगही झाला. बोल्ट वेळेवर येतील काय, हा प्रश्न त्या प्रतिमानाच्या कक्षेत नव्हता. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमान उद्योगात मंदी आली, विमानांच्या फास्टनरचे उत्पादक एकमेकांत विलीन झाले आणि त्यांनी कामगार कमी केले. मागणी परत वाढली तेव्हा २००७ मध्ये त्यांची तीव्र टंचाई निर्माण झाली. फॉरेस्टर यांनी केंटकीच्या कारखान्यात पाहिलेले चक्रच ते. विभाग एव्हरेटला अपूर्ण अवस्थेत येऊ लागले आणि कोणते काम झाले, कोणते राहिले याच्या नोंदीही धड नव्हत्या. तीन दिवसांच्या जुळणीसाठी आखलेल्या जागेत विमान सोलून पुन्हा बांधण्याची वेळ आली. पहिल्या विमानाच्या नाकाचा भाग लगतच्या भागाशी जोडताना सुमारे ०.३ इंचाची फट आढळली. ती पुढे दूर करण्यात आली. इंचाच्या त्या भागापेक्षा न कळलेल्या आठवड्यांची किंमत कितीतरी अधिक होती.

आकाराच्या प्रवाहालाही मर्यादा होतीच, हे येथे नोंदवणे न्याय्य ठरेल. २००९ च्या मे महिन्यातील ताणचाचणीत पंख आणि धड यांच्या जोडाजवळ संमिश्र द्रव्याचे थर सुटल्याचे आढळले. संगणकीय विश्लेषणाने त्याची पूर्वसूचना दिली नव्हती. जूनमध्ये पहिले उड्डाण पुन्हा पुढे ढकलावे लागले.

धोक्याची जाणीव कंपनीत कोणालाच नव्हती असे नाही. बोइंगचेच अभियंते एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी २००१ मध्ये कंपनीच्या परिसंवादात वाचलेल्या निबंधात बाह्यकंत्राटाच्या अतिरेकाविरुद्ध इशारा दिला होता. कामाबरोबर नफाही बाहेर जातो आणि सर्वांच्या चुका अंतिम जुळणी करणाऱ्याच्या अंगणात येऊन साचतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. दहा वर्षांनी, २०११ च्या आरंभी, बोइंगच्या प्रवासी विमान विभागाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनी सिएटल विद्यापीठातील व्याख्यानात बाहेर सोपवलेल्या कामाचे प्रमाण अवाजवी होते, हे जाहीरपणे मान्य केले.

युरोपातील एअरबसची अडचण त्याच काळातील. ए३८० विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या तारा होत्या. हॅम्बुर्ग येथील अभियंते ‘कॅटिया’च्या चौथ्या आवृत्तीवर, तर तुलूझचे पाचव्या आवृत्तीवर काम करत होते. जर्मनीत तयार झालेल्या तारांच्या जुड्या फ्रान्समधील जुळणीत आखूड पडल्या. २००६ मध्ये विमान वारंवार लांबणीवर पडले आणि पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी, सुमारे दोन वर्षे उशिराने मिळाले. कागदावर ही एकच कंपनी होती. राष्ट्रीय अभिमानातून घडलेल्या तिच्या शाखा मात्र आरेखनाच्या साध्या आवृत्तीवरही एकमत करू शकल्या नव्हत्या.

दुरुस्ती

बोइंगने केलेली दुरुस्ती दोन प्रकारची होती आणि दोहोंत नव्या प्रतिमानाचा वाटा अल्पच होता. पहिली, डिसेंबर २००८ मध्ये एव्हरेट येथे उत्पादन समन्वय केंद्र उघडण्यात आले. तेथे जगभरातील पुरवठादारांशी रात्रंदिवस संपर्क साधणारी माणसे आणि दुभाषे बसवले गेले. कॅमेऱ्यातून भाग दाखवत अडचण सोडवली जाऊ लागली. दुसरी दुरुस्ती अधिक मूलगामी होती. दक्षिण कॅरोलिनातील व्हॉट आणि अलेनिया यांच्या संयुक्त कंपनीतील व्हॉटचा हिस्सा बोइंगने २००८ मध्ये घेतला. जुलै २००९ मध्ये व्हॉटचा तेथील कारखानाच सुमारे ५८ कोटी डॉलर देऊन विकत घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस अलेनियाचा हिस्साही घेतला. संस्थांमधील जी सीमा सदृशीकरणाला ओलांडता आली नव्हती, ती मालकी बदलून पुसण्यात आली. २००८ च्या मेमध्ये अपेक्षित असलेले पहिले विमान ऑल निप्पॉनच्या ताब्यात सप्टेंबर २०११ मध्ये गेले. उत्पादनाचा पुढील विमानांवर ढकललेला खर्च २०१६ च्या सुरुवातीस २८ अब्ज डॉलरच्या वर पोहोचला होता.

या दिरंगाईची झळ भारतालाही लागली. एअर इंडियाने २००५ च्या अखेरीस मागवलेल्या ६८ बोइंग विमानांत २७ विमाने ७८७ होती. त्यांपैकी पहिले सप्टेंबर २०१२ मध्ये दाखल झाले. या साखळीचे एक टोक नागपुरातही आहे. मिहान परिसरातील टाटा समूहाच्या टाल कंपनीने ७८७-९ साठी संमिश्र द्रव्याच्या, प्रवाशांच्या पायाखालच्या तुळया बनवण्यास आरंभ केला. अशा कारखान्याला बोइंगच्या त्रिमिती आकृती मिळतात आणि त्यांच्याबरहुकूम भाग बनतो. मात्र भट्टी किती तास बंद राहिली, कच्चा माल कोठे अडकला, कुशल कामगार किती टिकले, ही माहिती आकृतीत मावत नाही. ती विचारण्याची आणि सांगण्याची रीत दोन्ही बाजूंना वेगळी घालून घ्यावी लागते.

मालकी एक झाल्यावरही सांध्यांचा प्रश्न पूर्णपणे मिटला नाही. २०२० मध्ये काही विमानांच्या धडाच्या मागील भागांच्या जोडात फटी भरण्यासाठी बसवलेल्या पातळ पट्ट्या योग्य मापाच्या नसल्याचे उघड झाले. येथे मान्य मर्यादा ०.००५ इंच, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी होती. ७८७ चे वितरण २०२० च्या अखेरीस थांबले, मार्च २०२१ मध्ये काही काळ सुरू झाले, मेमध्ये पुन्हा थांबले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पूर्ववत झाले. दक्षिण कॅरोलिनातील जो कारखाना २००९ मध्ये विकत घेण्यात आला होता, तेथेच हे मागील भाग बनत होते.